कॅप आणि ब्रिज: बसवायच्या आधी काय विचारायचं, नंतर कसं सांभाळायचं

मी फोंड्याला एका डेंटल लॅबमध्ये काम करते. म्हणजे डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेतात ना, ते माप आमच्याकडे येतं आणि त्यावरून आम्ही कॅप, म्हणजे दातावर बसणारी टोपी, आणि ब्रिज, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांना धरून बसणारा दात, बनवून परत पाठवतो. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही पण त्याचे दात प्लास्टरमध्ये आमच्या टेबलावर असतात, त्यामुळे कुठलं काम टिकेल आणि कुठलं लवकर परत येईल हे बऱ्याचदा मापावरूनच समजतं. नातेवाईक, शेजारी, बसमध्ये भेटणारे ओळखीचे, सगळे एकच विचारतात की कॅप कुठल्या मटेरियलची बसवू. मला वाटतं हा तिसरा प्रश्न झाला. त्याआधीचे दोन कोणी विचारतच नाही: या दाताला खरंच कॅप लागते का, आणि कॅपला धरायला खाली दात किती उरलाय. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, ज्याला उपयोग होईल त्याने वापरा.

आधी कॅप कधी लागते ते बघू. दाढेचं रूट कॅनल, म्हणजे आतली किडलेली नस काढून ती जागा भरणं, झालं की तिला जवळपास नेहमीच कॅप लागते. कीड काढताना आणि आत जायला वाट करताना दाढेचा मधला भाग गेलेला असतो, बाजूच्या भिंती तेवढ्या उभ्या असतात आणि चावताना सगळा जोर त्या भिंतींवर येतो. अशी दाढ उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली की ती काढण्याशिवाय मार्ग राहत नाही, मग रूट कॅनलचे पैसेही गेले आणि दाढही गेली. आपल्याकडे काय होतं, रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं, मग कॅप चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर बघू, मग दिवाळी, मग मुलांच्या परीक्षा, आणि एक दिवस जत्रेतलं खाजें नाहीतर उंडा पावाची कडक कड चावताना कट्कन आवाज येतो. दुखणं थांबलं म्हणजे काम अर्धंच झालंय असं समजा. रूट कॅनल करायच्या आधीच कॅपचे पैसे आणि तारीख धरून ठेवा.

पुढच्या दाताचं रूट कॅनल झालं असेल आणि मागच्या बाजूला छोटंसं भोक सोडून बाकी दात शाबूत असेल तर नुसत्या फिलिंगवर चालू शकतं. छोट्या किडीला फिलिंग, कॅप नाही. रूट कॅनल न झालेल्या पण तडा गेलेल्या, मोठं फिलिंग पुन्हा पुन्हा पडणाऱ्या किंवा घासून झिजलेल्या दाताला मात्र कॅपचा विचार करावा लागतो. आणि नुसतं दात पिवळे दिसतात म्हणून चांगले दात कापून कॅप घालायला कोणी सांगत असेल तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारा. कारण कॅपसाठी दात कापावा लागतो, चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर, चारी बाजूंनी साधारण एक ते दीड. ऐकायला थोडं वाटतं पण आरशात दिसणाऱ्या दाताचा अर्ध्याहून जास्त भाग त्यात जातो आणि तो परत येत नाही.

आता दुसरा प्रश्न, खाली दात किती उरलाय. हिरडीच्या वर चारी बाजूंनी साधारण दोन मिलिमीटर घट्ट, निरोगी दात असेल तर कॅपला खरी पकड मिळते. तेवढा नसेल तर मुळात पोस्ट, म्हणजे बारीक खुंटी, टाकून वर कोअर, म्हणजे कॅपला धरायला फिलिंगचा बुंधा, बांधतात, कधी हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन दात उघडा करतात. पण आमच्याकडे अशी मापं पण येतात की जिथे दात म्हणून जवळजवळ काहीच नाही, सगळं फिलिंगचं बांधकाम, त्यावर आम्ही कितीही सुंदर कॅप केली तरी ती पोस्टसकट हातात येण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरना एक्सरे समोर ठेवून सरळ विचारा, दात किती शिल्लक आहे, किती वर्षं चालेल असं तुम्हाला वाटतं. हा दात काढलेलाच बरा असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर तुमचे पैसे वाचवतोय, त्याच्यावर रागावू नका.

मटेरियलचं आता सांगते, हे माझ्या हाताखालचं आहे.

पूर्ण मेटलची कॅप सगळ्यात स्वस्त, सगळ्यात चिवट, आणि तिच्यासाठी दात कमी कापावा लागतो. दिसायला चांदीसारखी म्हणून लोक नको म्हणतात. पण अगदी शेवटची दाढ, जिथे वरखाली जागाच कमी असते आणि हसताना कोणाला दिसत नाही, तिथे ती उत्तम असं माझं प्रामाणिक मत आहे. मेटल-सिरॅमिक म्हणजे आत मेटलची पातळ टोपी आणि वर दाताच्या रंगाचं सिरॅमिक. आम्ही मेटलवर आधी एक अपारदर्शक थर देतो, मेटलचा काळपटपणा झाकायला, मग सिरॅमिकचे थर ब्रशने चढवून भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजतो. वर्षानुवर्षं चालत आलेलं काम आहे, भरवशाचं आहे. त्याच्या दोन गोष्टी माहिती असाव्यात: वरचं सिरॅमिक कधीकधी टवका जाऊन उडतं, आणि हिरडी खाली गेली की कडेला करडी रेघ दिसायला लागते, म्हणून पुढच्या दातांना विचार करून घ्या. यात बऱ्याचदा निकेल-क्रोम वापरतात. ज्या बायकांना नकली कानातल्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने खाज येते, पुरळ येतं, त्यांनी हे डॉक्टरना आधी सांगायलाच पाहिजे, मग निकेल नसलेला धातू किंवा झिरकोनिया, म्हणजे मेटल नसलेलं कडक पांढरं सिरॅमिक, घेता येतं.

झिरकोनियाचं सध्या सगळीकडे नाव आहे आणि ते चांगलंच आहे. त्याचा ब्लॉक सुरुवातीला खडूसारखा मऊ असतो, कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीन तो कोरतं, आणि हव्या त्या मापापेक्षा साधारण २० टक्के मोठा कोरतं, कारण नंतर १४०० ते १५०० अंशांवर तासन् तास भाजताना तो आकसतो आणि बरोबर मापात येतो. मग तो इतका कडक होतो की आम्हाला सुद्धा घासायला त्रास. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. लॅबमधून कॅप चकचकीत पॉलिश होऊन जाते, क्लिनिकमध्ये चाव उंच लागला म्हणून डॉक्टर ती घासतात, तो घासलेला भाग पुन्हा पॉलिश केला नाही तर खरखरीत झिरकोनिया समोरचा दात झिजवत राहतं. म्हणून घासल्यावर "डॉक्टर, पॉलिश केलं ना?" एवढं विचारायला लाजू नका. कंपनीचं वॉरंटी कार्ड येतं त्यावर नंबर आणि वर्षं असतात, ते मागून घ्या. मात्र वॉरंटी कॅप तुटण्याची असते, आतल्या दाताला कीड लागण्याची नाही.

पुढच्या दातांसाठी ई-मॅक्स म्हणून काच-सिरॅमिक असतं, त्यातून उजेड आरपार जातो म्हणून ते सगळ्यात नैसर्गिक दिसतं. मागच्या लांब ब्रिजला ते चालत नाही.

रंग ठरवायचं पण सांगते कारण यावरून फार भांडणं होतात. क्लिनिकमध्ये रंगांची पट्टी असते, ए-वन, ए-टू, ए-थ्री, अशी वेगवेगळी नंबरं. रंग दिवसाउजेडी, खिडकीपाशी, लिपस्टिक न लावता, आणि दात कापायच्या आधी ठरवायचा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, मग चुकीचा नंबर येतो. दात साफ करून घ्यायचे असतील, ब्लिचिंग करायचं असेल तर आधी, कारण नंतर बाकीचे दात उजळतील पण कॅपचा रंग आहे तोच राहील. ब्लिचिंगनंतर दोनेक आठवडे थांबून मग रंग घ्या. आणि अगदी पांढराशुभ्र द्या असा हट्ट करू नका, शेजारचे दात ए-थ्री असताना मध्येच एक पांढरा दात लांबून ओळखू येतो. पुढच्या दाताचं असेल तर जुना हसतानाचा फोटो असला तर डॉक्टरकडून लॅबला पाठवा, आम्हाला त्याचा खरंच खूप उपयोग होतो, आकार, थोडासा वाकडेपणा, सगळं त्यावरून जमतं.

कामाचा क्रम साधारण असा असतो. पहिल्या वेळी भूल देऊन दात कापतात, हिरडीच्या कडेला बारीक दोरा घालून ती थोडी बाजूला करतात म्हणजे मापात कड स्वच्छ उमटते, मग पुट्टीने नाहीतर स्कॅनरने माप. या मापाच्या कडेवरच सगळं अवलंबून आहे. रक्त, लाळ, बुडबुडा आला की आम्हाला कड दिसत नाही आणि अंदाजाने केलेली कॅप कधीच नीट बसत नाही. डॉक्टर म्हणाले माप परत घेऊ, तर वैतागू नका, तो डॉक्टर चांगला आहे. मग तात्पुरती कॅप लावतात, तिच्या सिमेंटला बऱ्याचदा लवंगेच्या तेलाचा वास येतो. भूल उतरायला दोन-तीन तास लागतात, तोवर काही चावू नका, गाल नाहीतर ओठ चावला जातो आणि कळतही नाही. तात्पुरत्या कॅपवर दोदोलसारखी चिकट मिठाई, चिक्की, च्युइंगम नको, निघून येते.

लॅबला साधारण आठवडा द्या. पावसात आमच्याकडे लाइट जाते, भट्टी मध्येच बंद पडली तर ते काम पुन्हा करावं लागतं, त्यामुळे लग्न शनिवारी आणि कॅप शुक्रवारी असं गणित मांडू नका. गल्फमधून, लंडनहून सुट्टीवर येणाऱ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे की डेंटिस्टकडे पहिल्या आठवड्यात जा, परत जायच्या आधी चार दिवस उरले असताना नको. कॅप बसल्यावर चाव जुळतोय की नाही हे तुम्ही काही दिवस जेवल्यावर कळतं, आणि तेव्हा तुम्ही इथे असायला पाहिजे.

ट्रायलच्या वेळी घाई करू नका. पक्कं चिकटवायच्या आधी आरसा घेऊन उजेडात जाऊन रंग बघा. निळा कागद चावायला देतात तेव्हा नेहमीसारखं चावा, उगाच जोरात नाही, आणि जरा जरी उंच लागलं तरी बोला. सवय होईल म्हणून सोडू नका, उंच कॅपने दात ठणकतो आणि समोरचा पण दुखायला लागतो. कॅप आणि शेजारचा दात यांच्या फटीत फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा, थोडा अडकून आत गेला पाहिजे, सरळ सुळकन गेला तर तिथे रोज मासळीचे तंतू अडकणार. हे सगळं सिमेंट लावायच्या आधी, कारण चिकटल्यावर कॅप काढायची म्हणजे बहुतेक वेळा ती कापूनच काढावी लागते.

आता दात नसलाच तर ब्रिज. दात काढून जागा तशीच ठेवली की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि समोरचा दात खाली नाहीतर वर उतरायला लागतो, आणि काही वर्षांनी तिथे दात बसवायला जागाच उरत नाही. अक्कलदाढेच्या बाबतीत सोडून द्या, तिथे सहसा काही बसवायची गरज नसते. बाकीच्या जागी काढघाल करायची कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, असे पर्याय. तीन दातांच्या ब्रिजमध्ये दोन्ही बाजूचे दात कापून त्यांच्यावर कॅप आणि मधे खोटा दात जोडलेला असतो, म्हणून पैसे पण तीन दातांचे लागतात. एकच दात गेला मग तीनचे कसे, हा प्रश्न लोकांना पडतो, उत्तर हे आहे.

माझं मत विचाराल तर, शेजारचे दोन्ही दात अगदी निरोगी, अजिबात न शिवलेले असतील तर ब्रिजसाठी ते कापायच्या आधी इम्प्लांटचा विचार नक्की करा, खर्च जास्त आणि हाडात जुळायला काही महिने, तरी करा. शेजारच्या दातांना आधीच कॅप किंवा मोठी फिलिंगं असतील, किंवा हाड कमी असेल, तर ब्रिज चांगला. कोवळ्या वयात, खेळताना पुढचा दात गेला असेल तर मेरीलँड ब्रिज म्हणून प्रकार असतो, त्यात शेजारच्या दाताला मागून पंख चिकटवतात, कापणं जवळपास नाहीच. अठरा-वीसच्या आतल्या मुलांचे चांगले दात पूर्ण ब्रिजसाठी कापणं टाळतात कारण त्यांच्या दातातली नस मोठी असते. दोन-तीन दात सलग नसताना दोन्ही टोकांना एकेकच दात धरून लांब ब्रिज, किंवा शेवटची दाढ नाही म्हणून पुढच्या दातावरून मागे लोंबता दात, असं सुचवलं तर पुन्हा पुन्हा विचारा. एवढा भार त्या दातांना पेलेल का, मुळं किती लांब आहेत, हाड किती आहे. एक्सरेवर दाखवायला सांगा.

दात काढल्यावर पक्क्या ब्रिजसाठी साधारण दोन-तीन महिने थांबतात, कारण जखम भरताना हिरडी आणि हाड खाली बसतं. लगेच पक्का ब्रिज केला तर नंतर खोट्या दाताखाली फट पडते आणि त्यात अन्न जातं. तोवर तात्पुरता दात मिळतो, तोंड उघडायला संकोच वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट बघावी लागते, डायबिटीस. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. साखर ताब्यात नसली की हिरडीचा आजार वाढतो, दाताभोवतीचं हाड कमी होतं, आणि हलणाऱ्या दातांवर ब्रिज उभा राहत नाही. आधी साखर, मग हिरडीची सफाई, मग ब्रिज, हा क्रम मोडू नका. मशेरी लावायची सवय असेल तर ती सुद्धा सोडावीच लागेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डेंटिस्टना सांगा, मनाने बंद करू नका.

खर्चाचं म्हणाल तर बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, शेजारी गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० पासूनचं सरकारी कॉलेज. मडगाव-पणजी रस्त्यावरच आहे. तिथे कृत्रिम दातांचा वेगळा विभाग आहे, शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, थांबावं लागतं, पण बाहेरच्यापेक्षा खर्च खूप कमी, आणि पायरी पायरीने तपासून होतं. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी नक्की जावं. खाजगीत गेलात तर लांब ब्रिज, सगळे पुढचे दात अशा मोठ्या कामासाठी प्रॉस्थोडॉन्टिस्ट म्हणजे याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर शोधा. आणि बिलावर मटेरियलचं नाव, दातांची संख्या लिहून घ्या.

बसल्यावर काय करायचं, यावरच किती वर्षं टिकणार ते ठरतं. नीट सांभाळली तर कॅप, ब्रिज दहा-पंधरा वर्षं आरामात चालतात, त्याच्या पुढेही जातात. माझी आत्या सावईवेरेला असते, तिचा ब्रिज त्याहून जुना आहे आणि त्यात लॅबचं कौशल्य थोडंच आहे, बाकी सगळी तिची शिस्त. रोज रात्री जेवणानंतर ती आरशासमोर उभी राहून इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी पिल्लू, ब्रिजच्या खालून दोन्ही बाजूंनी फिरवते, मगच झोपायला जाते. कॅपला स्वतःला कीड लागत नाही पण कॅपच्या कडेला जिथे खरा दात सुरू होतो तिथे लागते, आणि ब्रिजच्या खाली साधा ब्रश पोचतच नाही. साधा फ्लॉस पण वरून जात नाही कारण दात जोडलेले असतात. सुपरफ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक ताठ असतं, ते बाजूने ब्रिजखाली घालायचं, मधला फुगीर भाग ओढून पुढेमागे करायचा. मेडिकलमध्ये नसला तर मागवायला सांगा. हे कसं करायचं ते ब्रिज बसवतात त्याच दिवशी डॉक्टरकडून स्वतःच्या तोंडात करून दाखवून घ्या, घरी येऊन व्हिडिओ बघू म्हटलं की राहून जातं.

कॅप असलेल्या दाताने सुपारी, बर्फ, खुब्यांची शिंपली फोडू नका, बाटलीचं झाकण तर नाहीच. रात्री दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, करून घ्या, नाहीतर सिरॅमिक उडतं. जिवंत दातावर कॅप असेल तर काही दिवस थंड-गरम लागू शकतं, ते कमी कमी होत जायला पाहिजे. वाढत गेलं, रात्री ठणकलं, हिरडी सुजली तर वाट बघू नका.

कॅप निघून आली तर ती डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा, दात सरकले की तीच कॅप परत बसत नाही. फेविक्विकने अजिबात चिकटवू नका, चुकीच्या जागी पक्की बसली तर ती कापावी लागते आणि खालचा दात पण खराब होतो. गिळली गेली तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, पण ठसका लागून खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर ती छातीत गेलेली असू शकते, सरळ हॉस्पिटल.

ब्रिजच्या बाबतीत सगळ्यात फसवं काय, तर एकाच बाजूची कॅप सुटणं. दुसऱ्या बाजूने धरून ठेवलेला असतो म्हणून ब्रिज पडत नाही, रूट कॅनल झालेला दात असेल तर दुखतही नाही, आणि आतल्या आत दात किडत जातो. चावताना थोडी हालचाल, दाबल्यावर कडेने लाळेचे बुडबुडे, वास किंवा खारट चव, यातलं काहीही जाणवलं तर त्याच आठवड्यात दाखवा. वेळेत कळलं तर ब्रिज काढून, दात साफ करून, कधी तोच परत बसवता येतो. आणि काही जाणवत नसलं तरी वर्षातून एकदा तपासणी आणि डॉक्टरना गरज वाटली तर एक छोटा एक्सरे, जाताना जुनी बिलं आणि वॉरंटी कार्ड बरोबर न्या म्हणजे आत कुठलं मटेरियल आहे ते नव्या डॉक्टरला पण लगेच कळतं.